तहान लागण्यापूर्वीची विहीर
चिनी आरोग्यचर्या आणि आजचा कामकरी माणूस

चिनी औषध गोमंतकास नवे नाही. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या संवादग्रंथात 'चीनच्या मुळी'ला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तीच आपली चोपचिनी. गलबतांतून ती आली, फिरंग रोगावर तिची ख्याती झाली, आणि पुढे ती आपल्या वैद्यांच्या बटव्यात अशी सामावून गेली की तिच्या नावातील 'चिनी' हा शब्दही आता कोणाच्या कानास खटकत नाही. आज साडेचारशेहून अधिक वर्षांनंतर चीनहून आपल्याकडे पुन्हा काही येत आहे. मात्र ह्या खेपेस मुळी नव्हे, सवयी येत आहेत.

कचेरीत काम करणाऱ्या, वेळेअभावी गांजलेल्या माणसासाठी लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिका व लेख ज्यांच्या नजरेस पडतात त्यांना ही यादी परिचित असेल. सकाळी उठताच कोमट पाणी प्यावे. जेवणानंतर शंभर पावले चालावे. दुपारी थोडे डोळे मिटावेत. डोळे शिणले तर तळहात घासून त्यांची ऊब पापण्यांस द्यावी. अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल जागा दाबावी, म्हणजे डोके हलके होते. रात्री गरम पाण्यात पाय बुडवावेत आणि अकराच्या आत निजावे. ह्या सर्वांस 'चिनी परंपरागत वैद्यकातील नित्याच्या सवयी' असे नाव असते, आणि त्यांच्या मागे पाच हजार वर्षांचा अनुभव उभा आहे असे आश्वासनही दिलेले असते.

ह्या सवयींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतील कित्येक आम्ही स्वतः पाळतो. परंतु कोणत्याही विचाराचा सारांश हाती आला म्हणजे मूळ ग्रंथाशी तो ताडून पाहणे हे टीकाकाराचे पहिले कर्तव्य होय. सारांशात काय आले हे तर पाहावेच. काय गळाले हे अधिक बारकाईने पाहावे. तेवढ्यासाठी आम्ही मूळ ग्रंथाकडे वळलो. चिनी भाषा आम्हांस अवगत नाही. इल्झा वाइथ ह्या विदुषीने १९४९ साली केलेले पहिल्या चौतीस अध्यायांचे इंग्रजी भाषांतर आणि उनशुल्ड व टेसेनो यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेले संपूर्ण सटीप भाषांतर यांच्या आधारे आम्ही पुढील विवेचन करीत आहोत.

ग्रंथाचे नाव 'ह्वांगदी नेइजिंग', म्हणजे पीतसम्राटाचा अंतःशास्त्रग्रंथ. परंपरा त्याचे कर्तृत्व पुराणकालीन सम्राटाकडे देते. विद्वान मात्र त्याची रचना साधारणतः इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या आसपास झाली असे मानतात. त्याचा पहिला भाग 'सू-वन' हा एक्याऐंशी अध्यायांचा असून सम्राट आणि त्याचा वैद्य ची-बो यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने तो लिहिलेला आहे. राजाने विचारावे आणि जाणत्याने सांगावे ही पद्धत आमच्या पुराणश्रवणात मुरलेल्या वाचकांस ओळखीची वाटेल.

पहिलाच प्रश्न मोठा मार्मिक आहे. पूर्वीची माणसे शंभर वर्षे जगत आणि तरीही चालतीबोलती असत. आजची माणसे पन्नाशीतच खचतात. हा काळाचा दोष की माणसांचा? आपल्या काळाविषयीची ही तक्रार दोन हजार वर्षांपूर्वीही इतकीच ताजी होती, हे पाहून वाचकास प्रथम हसू येते. ची-बो जे उत्तर देतो त्यात मात्र औषध नाही, मुळी नाही, दाबावयाची जागाही नाही. पूर्वीचे लोक खाण्यापिण्यात मर्यादा पाळीत, उठण्यानिजण्यास नियम ठेवीत, आणि शक्तीबाहेर शीण करून घेत नसत. आजचे लोक मद्य पाण्यासारखे पितात आणि अतिरेकालाच रीत समजतात, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या अध्यायात ऋतुचर्या येते. वसंतात पहाटे उठून अंगणात मोकळ्या पावलांनी फिरावे, शरदात कोंबड्याबरोबर उठावे, हिवाळ्यात लवकर निजून सूर्य वर येईपर्यंत अंथरूण सोडू नये, असे ते सांगणे आहे. रोग झाल्यावर उपचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, असा दृष्टान्त देऊन तो अध्याय संपतो. जी म्हण आपण आजीच्या तोंडून ऐकली तीच ह्या परक्या ग्रंथात भेटावी, याचे आम्हांस आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला.

तथापि आजच्या कामकरी माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे स्थळ तेविसाव्या अध्यायात आहे. तेथे पाच श्रम मोजले आहेत. फार वेळ पाहणे रक्तास अपाय करते, फार वेळ पडून राहणे प्राणशक्तीस, फार वेळ बसणे मांसास, फार वेळ उभे राहणे हाडांस, आणि फार वेळ चालणे स्नायुबंधांस. रक्त, मांस, हाडे यांच्याशी जोडलेल्या ह्या जोड्या आजच्या शरीरशास्त्रास जशाच्या तशा मान्य होणार नाहीत. परंतु यादीची रचना पाहा. तीत आळस आणि कष्ट एकाच पंक्तीत बसविले आहेत. पडून राहणे हाही श्रमच, चालणे हाही श्रमच. दोष क्रियेचा नाही, 'फार वेळ' ह्या दोन शब्दांचा आहे. कारकुनाचे बसणे व पाहणे, दुकानातील मुलीचे उभे राहणे, टपाल वाटणाऱ्याचे चालणे, एवढी माणसे ह्या एका वाक्यात मावतात.

अवयव हालवून शरीर राखण्याची कलाही तितकीच जुनी आहे. चांगशा शहराजवळ मावांगदुइ येथे १९७३ साली उघडलेल्या थडग्यात एक रेशमी चित्रपट सापडला. हे थडगे इसवी सनापूर्वी १६८ ह्या वर्षी बंद केलेले होते. ह्या पटावर चव्वेचाळीस माणसे हातपाय ताणीत, वाकत, श्वास घेत उभी आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, वृद्ध आहेत, तरुण आहेत. आज प्रचलित असलेली 'बा-द्वान-जिन' ही आठ क्रियांची मालिका त्या परंपरेतील होय. दोन्ही हात आकाशाकडे ढकलणे, धनुष्य ताणल्यासारखे बाहू पसरणे, खांद्यावरून मागे पाहणे, टाचा उचलून हलकेच आपटणे, असे तिचे स्वरूप आहे. २००३ साली चिनी शासनाच्या क्रीडाविभागाने तिला एकसारखे प्रमाण रूप दिले. मागे वळून पाहण्याच्या चौथ्या क्रियेच्या नावातच त्या पाच श्रमांचा उल्लेख आहे. ज्या देहाला दिवसभर फक्त पुढेच पाहावे लागते त्याला क्षणभर मागे पाहावयास लावणे ही कल्पना, तिच्यामागील शास्त्र काहीही असो, आम्हांस अतिशय सुज्ञ वाटते.

आता सवयींची पारख करू. जेवणानंतरच्या शंभर पावलांविषयी मराठी माणसास काय सांगावे? आपण तिला शतपावली म्हणतो आणि आयुर्वेदाचे ग्रंथही तिचा उपदेश करतात. सातव्या शतकातील थोर चिनी वैद्य सुन सिम्याओ यानेही जेवणानंतर चालावे आणि पोटावरून हात फिरवावा असे सांगितले आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखर एकदम चढत नाही, हे आधुनिक प्रयोगांनीही दाखविले आहे. ही सवय तीन साक्षींनी सिद्ध झाली असे आम्ही समजतो. निजण्यापूर्वी पाय गरम केल्याने झोप लवकर लागते, हेही खरे आहे. पावलांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतील उष्णता बाहेर पडते, आणि शरीर निद्रेस अनुकूल होते. मात्र मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे त्यांनी पाणी आधी हाताच्या कोपराने तपासावे. न कळत पाय भाजतो.

कोमट पाण्याचा आग्रह समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. १९५२ साली चीनमध्ये जी देशव्यापी स्वच्छता-मोहीम सुरू झाली तिने उकळलेले पाणी पिण्याचा प्रसार केला, आणि शाळा, कारखाने, आगगाड्या येथे उकळत्या पाण्याची सोय झाली. उकळल्याने जंतू मरतात. हा त्या सवयीचा खरा गुण. थंड पाण्याने जठराचा अग्नी विझतो हे स्पष्टीकरण मागाहून चिकटलेले दिसते. उलटपक्षी पासष्ट अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१६ साली दिला आहे. तेव्हा पाणी उकळावे, आणि निववून प्यावे.

अकराच्या आत निजण्यास आमचा विरोध कसा असेल? परंतु त्याचे जे कारण सारांशकार देतात ते आम्हांस मान्य नाही. दिवसाचे बारा भाग करून प्रत्येक भाग एकेका अवयवास वाटून दिलेला असतो. अकरा ते एक पित्ताशयाचे, एक ते तीन यकृताचे, असे ते कोष्टक आहे. हे पद्धतशीर वेळापत्रक नंतरच्या शतकांत बांधले गेले. शरीरात घड्याळ आहे, हे खरे. त्याची यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण शरीरात घड्याळ आहे एवढ्याने ते विशिष्ट कोष्टक सिद्ध होत नाही. पंचांग खरे म्हणून त्यातील प्रत्येक भविष्य खरे, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

पाच हजार वर्षांच्या दाव्याचेही तसेच. शाळेत शिकविता येईल असा एकसंध विषय म्हणून ज्याला आज 'चिनी परंपरागत वैद्यक' म्हणतात त्याची घडण मुख्यतः विसाव्या शतकाच्या मध्यावर झाली; बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ व चेंगदू येथे त्याची पहिली चार महाविद्यालये १९५६ साली निघाली. जुन्या ग्रंथांतून निवड करून, परस्परविरोधी मते गाळून तो विषय तयार झाला. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु निवड झाली आहे हे सांगितले पाहिजे. सर्व प्राचीनांचे एकमत होते असा भास निर्माण करणे योग्य नव्हे. दुपारच्या झोपेचेच उदाहरण घ्या. चीनमध्ये तिची प्रशंसा होते. आपल्या आयुर्वेदाने मात्र दिवसा निजणे मुख्यतः ग्रीष्मापुरतेच हितकर मानले आहे. दोन्ही परंपरा थोर आहेत, आणि येथे त्यांचे जमत नाही.

सवयींच्या यादीत वनस्पती आल्या की आम्ही अधिक सावध होतो. चालण्याने झाले तर हित होते, नाही तर नुकसान होत नाही. मुळीचे तसे नसते. बेल्जियममध्ये वजन उतरविण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे १९९३ साली उघड झाले. सारख्या नावामुळे एका निरुपद्रवी मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील विषारी मुळी दिली गेली होती. हा केवळ चिनी दोष आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. आपल्याकडील ईश्वरमूळ त्याच कुळातील आहे. उलट तू यूयू ह्या चिनी शास्त्रज्ञ स्त्रीने चौथ्या शतकातील एका उपचारग्रंथातील सूचनेवरून हिवतापावरील अमोल औषध वेगळे काढले आणि २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळविले. तिने ग्रंथ पूजेला लावला नाही, तपासला. आम्हांस हीच खरी ग्रंथनिष्ठा वाटते.

येथवरचे दोष किरकोळ आहेत. ते दुरुस्त होतील. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ची-बोने सांगितले ते कामाच्या मर्यादेविषयी. सारांशकार सांगतात ते अमर्याद काम सहन करण्याविषयी. मूळ ग्रंथ म्हणतो की फार वेळ बसू नका. सारांश म्हणतो की फार वेळ बसावेच लागते, तर मग अधूनमधून ही जागा दाबा. पहिला उपदेश जीवनक्रमावरची टीका आहे, दुसरा त्याच जीवनक्रमास लावलेले ठिगळ. शब्द तेच राहिले आणि अर्थ उलटा झाला.

खुद्द चीनमध्ये ह्याचे चित्र अतिशय स्पष्ट दिसले. २०१७ साली 'काळा चित्ता' ह्या गाजलेल्या रॉक वाद्यवृंदाचा ढोलवादक हातात गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभा असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, आणि थर्मासात गोजीची लाल फळे टाकून पिणे हा सबंध देशाच्या विनोदाचा विषय झाला. एके काळचा बंडखोर आता प्रकृती सांभाळू लागला, असा तो विनोद होता. तरुण कामगारांनी तो आपल्यावर घेतला. रात्र रात्र जागावयाचे आणि महागडे मलम डोळ्यांखाली लावावयाचे, बिअर प्यावयाची आणि तीत गोजी टाकावयाची, अशा वागण्याचे त्यांनी स्वतःच विडंबन केले. ते हसणे पोकळ नव्हते. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे बहात्तर तास, अशी कामाची रीत तेथील संगणक-उद्योगात रूढ झाली होती. कायद्याने दिवसास आठ तास ठरविलेले असताना हे चालले होते. २०१९ साली तिच्याविरुद्ध प्रोग्रॅमरांनी आवाज उठविला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेथील सर्वोच्च लोकन्यायालयाने ती रीत बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. बहात्तर तासांच्या आठवड्यावर थर्मास हा उपाय नव्हता. तो उपाय नाही हे थर्मास धरणाऱ्यांस ठाऊक होते.

ह्याच्या शेजारी त्याच देशातील आणखी एक गोष्ट ठेवून पाहावी. १९५१ च्या अखेरीस चीनमध्ये नभोवाणीवरून व्यायामाचे सूर वाजू लागले. ते व्यायाम प्राचीन नव्हते. पण सूर वाजले की शाळांत व कचेऱ्यांत माणसे हातचे काम ठेवून उठत. बीजिंगच्या नभोवाणीने २०१० साली ते पुन्हा सुरू केले तेही सकाळी दहा व दुपारी तीन वाजता, म्हणजे ऐन कामाच्या वेळेत. त्या राजवटीची आणखी कितीतरी कृत्ये आम्हांस मान्य नाहीत; परंतु हा मुद्दा तिने बरोबर ओळखला होता की विश्रांतीचा वेळ कामातून काढावयाचा असतो, कामकऱ्याच्या झोपेतून नव्हे.

न्यायाने बोलावयाचे तर मूळ ग्रंथही ह्या दोषातून सर्वस्वी मुक्त नाही. त्याचा श्रोता सम्राट आहे. हिवाळ्यात ऊन पडेपर्यंत निजून राहा, हे ज्याचा दिवस ज्याच्या स्वाधीन आहे त्यालाच सांगता येते. ज्याला पहाटे भट्टी पेटवावयाची आहे, किंवा पहिल्या बसवर चढावयाचे आहे, त्याने ऋतुचर्या कोणत्या वेळी पाळावी? आपल्या अष्टांगहृदयातील दिनचर्या व ऋतुचर्या ह्या अध्यायांनाही हाच प्रश्न विचारता येईल. त्याच ग्रंथात लगेच पुढे शरीराचे नैसर्गिक वेग रोखू नयेत असा उपदेश येतो. ज्या स्त्रीच्या कामाच्या जागी शौचालयच नाही तिने हा उपदेश वाचून काय करावे? सवय लावून घेण्यास इच्छा लागते हे खरे. पण त्याआधी स्वतःच्या वेळेवर थोडी सत्ता लागते.

आमच्या वाचकांस हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी. आपल्या अनेक देवळांत दिवसाला एक ताल असतो. पहाटे काकड आरतीने देव उठतो, दुपारी नैवेद्य झाला की दार लोटले जाते, रात्री शेजारतीने तो निजतो. प्रत्यक्ष देवालाही अष्टौप्रहर दर्शन देण्यास आपण लावीत नाही. सकाळी दहा-अकरास उकड्या तांदळाची पेज आणि दुपारची वामकुक्षी ही गोमंतकीय घराची रीत ह्याच तालावर चालत आली. चिनी घरांतही तांदळाची पातळ पेज पथ्यकर म्हणून खाल्ली जाते. ह्या साम्यावरून कोणी कोणाकडून काय घेतले हा वाद आम्हांस नको आहे. दोन्हीकडे दिवसाला काही ठिकाणी थांबा होता, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

आमचे बहुतेक वाचक कोणाचे तरी नोकर आहेत, आणि पुष्कळजण कोणाचे तरी मालकही आहेत: दुकानाचे, शाळेचे, कचेरीचे, देवस्थानाच्या समितीचे. नोकर म्हणून त्यांनी ह्या पुस्तिकांतील शतपावली, आठ क्रिया, ऊन पाण्याचे पाय आणि वेळेवरची झोप अवश्य घ्यावी. कोष्टके आणि अनोळखी मुळ्या सोडून द्याव्यात. मालक म्हणून मात्र त्यांनी तेविसावा अध्याय वाचावा. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी मागणी केल्यावर केरळ राज्याने २०१८ साली, आणि तामिळनाडूने २०२१ साली, दुकानातील नोकरास बसण्याचा हक्क कायद्याने दिला. फार वेळ उभे राहणे हाडांस अपाय करते, हे ची-बोने सांगून दोन हजार वर्षे झाली होती. त्या वाक्याचे भाषांतर स्टुलात व्हावयास इतका काळ लागला.

आपल्या गल्ल्यामागे, आपल्या देवळाच्या स्वयंपाकघरात, आपल्या कचेरीच्या दाराशी जो माणूस उभा आहे त्याला स्टूल आहे की नाही, आणि जेवल्यावर शंभर पावले चालण्याइतका वेळ आहे की नाही, हे आधी पाहावे. चिनी आरोग्यचर्या त्यानंतर त्याच्या हाती खुशाल द्यावी.